सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन आणि पाळी थांबल्यानंतरची हाडे

आयसोफ्लेव्होन ही सोयाबीनमध्ये भरपूर आढळणारी वनस्पतिजन्य संयुगे आहेत. जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही त्यांपैकी मुख्य. त्यांच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्यामुळे ती शरीरातील इस्ट्रोजेनच्या ग्राहींना (पेशींतल्या ज्या जागी संप्रेरक चिकटून काम करते त्यांना), त्यातही बीटा या प्रकारच्या ग्राहीला, चिकटतात. पण त्यांचा जोर मूळ संप्रेरकापेक्षा पुष्कळच कमी असतो.

हाड आयुष्यभर झिजते आणि भरून निघते. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. पाळी थांबली की हा आवर सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सर्वांत वेगाने विरळ होते. मनगट, मणके आणि खुबा या जागा आधी कमकुवत होतात. सोयामुळे हा वेग कमी होईल का, हा प्रश्न इथूनच आला.

चाचण्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. इटलीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या 389 स्त्रियांचे दोन गट केले; एका गटाला दोन वर्षे रोज 54 मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दिले, तेव्हा त्या गटाची घनता वाढली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना दिले होते. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र रोज 200 मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेव्होन दोन वर्षे घेऊनही हाडांची झीज थांबली नाही. म्हणून आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांना ऑस्टिओपोरोसिसवरचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावरचे, औषध म्हणता येत नाही. फरकाचे एक संभाव्य कारण आतड्यात आहे: डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी संयुग बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात.

ताटात किती येते, हे पदार्थ कसा बनला यावर ठरते. 100 ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये साधारण 100 ते 150 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात, टोफूत 20 ते 30. सोयाबीन तेलात ती जवळपास नसतातच, त्यामुळे घरात सोयाचे तेल वापरतो म्हणून हाडांना सोया मिळतो हा समज चुकीचा आहे. मुंबईत किराणा दुकानात मिळणारे सोया चंक्स तेल काढलेल्या पिठाचे असतात. त्यांत प्रथिने भरपूर असतात, पण भिजवून पिळताना आयसोफ्लेव्होनचा काही भाग पाण्याबरोबर जातो.

गिरणीत दळायला देताना 1 किलो गव्हात 100 ग्रॅम भाजलेले सोयाबीन घालण्याची पद्धत चांगली आहे, मात्र हिशेब करून पाहावा: दोन पोळ्यांच्या 60 ग्रॅम पिठात सोया जेमतेम साडेपाच ग्रॅम, म्हणजे आयसोफ्लेव्होन पाच ते आठ मिलिग्रॅम. हे पीठ पावसाळ्यात लवकर खवट होते, म्हणून थोडेथोडे दळून आणावे. त्यापेक्षा उसळ सरस. माणशी 30 ग्रॅम दाणे आठ-दहा तास भिजवावेत, पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवावेत. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतो. दाणा अर्धवट शिजला तर पोट फुगते. उग्र वास नको असेल तर भिजवलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे टाकावेत.

कॅल्शियमची गरज सोया भागवत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी भारतीय शिफारस दिवसाला 1200 मिलिग्रॅमची आहे. घरी काढलेल्या सोया दुधात कॅल्शियम थोडेच असते. टोफू कॅल्शियम सल्फेटने गोठवला असेल तर कॅल्शियम बरे मिळते, लिंबू पिळून गोठवलेल्यात नाही. दूध, दही, नाचणी, तीळ, सुकट हे चालू ठेवलेच पाहिजे. दिवसभर ऑफिसात किंवा घरात असणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी.

सोसायटीतल्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून हाडांची घनता बघतात ती प्राथमिक चाचपणी असते. निदानासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) करावा. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी तुलना करून दिलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर व्हावी, कारण बदल इतका लहान असतो की यंत्र बदलले की तो दिसेनासा होतो.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाचे पदार्थ त्यानंतर तीन-चार तासांनी खावेत, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा टॅमॉक्सिफेन (या कर्करोगावरचे, इस्ट्रोजेनला अडवणारे औषध) चालू असलेल्या स्त्रियांनी आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.