कापसाचा तंतू: पर्यायी स्प्लायसिंग आणि होमिओलॉग यांची गल्लत

पर्यायी स्प्लायसिंग वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. एकाच जनुकाच्या कच्च्या आरएनएतून इंट्रॉन (काढून टाकायचे तुकडे) कापून एक्झॉन (ठेवायचे तुकडे) सांधताना कापणी एकाहून अधिक प्रकारे होते आणि त्या जनुकाची निरनिराळी रूपे तयार होतात. वनस्पतींत इंट्रॉन न कापला जाता तसाच राहून जाण्याचा प्रकार सर्वाधिक आढळतो.

होमिओलॉग, म्हणजे संकरातून एकत्र आलेल्या दोन जनुकसंचांतील एकाच जनुकाच्या जोडप्रती, ही गोष्ट वेगळी आहे. अमेरिकी कापूस, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम, हा सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी ए आणि डी या दोन जनुकसंचांच्या संकरातून जन्मलेला चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेला, आहे. त्याच्या ५२ गुणसूत्रांपैकी २६ एका बाजूची आणि २६ दुसऱ्या बाजूची असल्यामुळे बहुतेक जनुके ए प्रत आणि डी प्रत अशी जोडीने नांदतात, आणि या दोन प्रतींतील अक्षरे थोड्याच ठिकाणी निराळी असतात. तेव्हा एकाच नावाखाली दोन आरएनए सापडले की ती एका जनुकाची दोन रूपे आहेत की दोन जनुकांचे एकेक रूप आहे, हे आधी ठरवावे लागते. कागदावर हा भेद सोपा आहे. रूपांमध्ये सांध्यावर नेमका एक सलग तुकडा कमी किंवा जास्त असतो आणि बाकी सारे अक्षरशः तेच असते. प्रतींमध्ये मात्र फरक तुरळक, विखुरलेले आणि मुळात डीएनएतच असतात.

खरी फसगत प्रमाण मोजताना होते. कापसाचा तंतू ही बीजांडाच्या बाह्यत्वचेतील एकच पेशी असून ती विभाजन न होता अडीच-तीन सेंटिमीटर वाढते. फूल उमलल्यानंतर दहाव्या दिवशी ती लांबत असते, तर विसाव्या दिवसाच्या सुमारास तिच्या भिंतीवर सेल्युलोजचे थर चढू लागलेले असतात. समजा, दहाव्या दिवशी एका जनुकाच्या ए प्रतीचे १०० आरएनए आहेत आणि त्यांतील १० मध्ये इंट्रॉन राहिला आहे, तर डी प्रतीचे २० असून त्यांतील १० मध्ये तो राहिला आहे. दोन्ही एकत्र मोजल्यास १२० पैकी २०, म्हणजे सुमारे १७ टक्के. विसाव्या दिवशी ए प्रत मंदावून २० वर आली आणि डी प्रत १०० वर गेली, पण कापणीची सवय कोणीच बदलली नाही, तर इंट्रॉन राहिलेले आरएनए अनुक्रमे २ आणि ५० होतील. एकत्रित आकडा १२० पैकी ५२, म्हणजे ४३ टक्के. लगेच ‘भिंत जाड होण्याच्या टप्प्यावर स्प्लायसिंगचे नियमन बदलते’ असे वाक्य लिहून मोकळे होणारे भेटतात आणि माझा संयम तिथेच संपतो. प्रत्येक प्रतीत इंट्रॉन राहण्याचे प्रमाण आधीही १० आणि ५० टक्के होते, नंतरही तेवढेच आहे. बदलले ते प्रतींचे लेखन (डीएनएवरून आरएनए बनणे), म्हणजे प्रवर्तकाच्या (लेखन सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) पातळीवरील नियमन. स्प्लायसोसोम, म्हणजे ही कापणी करणारे पेशीतील यंत्र, आणि त्याला दिशा देणारी एसआर प्रथिने यांचा या बदलाशी काहीही संबंध नाही.

हा गोंधळ काही अंशी जुन्या सोयीतून आला असावा. डी बाजूच्या गॉसिपियम रायमंडीचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हिर्सुटमचा २०१५ मध्ये, त्यामुळे मधल्या काळात दोन्ही प्रतींचे वाचन (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) एकाच संदर्भ-जनुकसंचावर बसवणे समजण्यासारखे होते. आता ते अक्षम्य आहे. आखूड वाचन ज्या सांध्यावर पडते तिथे प्रतींतील एकही भेददर्शक अक्षर नसेल, तर ते कोणत्याही प्रतीच्या खाती न टाकता बाजूला ठेवावे. मला विचाराल तर संपूर्ण आरएनए सलग वाचणारी दीर्घ वाचनाची पद्धतच वापरावी, कारण तिथे सांधा आणि भेददर्शक अक्षर एकाच धाग्यावर दिसतात.

आरएनएच्या डीएनए-नकला लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या जेलवर दुसरी पट्टी दिसली, तरी तीच सावधगिरी हवी. ती इंट्रॉनच्या लांबीएवढी वर असली, तरी नमुन्यात उरलेला डीएनएही नेमकी तेवढीच पट्टी देतो, म्हणून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएची डीएनए-नक्कल करणारे विकर) न घातलेला नमुना शेजारी चालवल्याशिवाय तिला रूप म्हणू नये. पट्टी खरी ठरली, तरी तिच्यापासून नवे प्रथिन बनते असे धरू नये. राहिलेल्या इंट्रॉनमध्ये बहुधा अकाली थांबा-संकेत (प्रथिनाची बांधणी तिथेच थांबवणारी खूण) येतो आणि असे बरेचसे आरएनए पेशी नष्ट करते.