पोक काढणं वेगळं, कण्याला पीळ पडणं वेगळं

‘सरळ बस’ हे दोन शब्द मुंबईतल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येतात. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या मुलाला ते सांगणं ठीकच आहे. पण स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाक आणि पीळ पडलेल्या मुलीलाही तेच सांगितलं जातं. ती जीव तोडून सरळ बसते, तरी एक खांदा वरच राहतो आणि वर ओरडाही तिलाच बसतो. मग ऑनलाइन मागवलेला पोश्चर बेल्ट येतो, लोंबकळायला दारात बार लागतो, ‘मणका बसवून देतो’ म्हणणारा कोणीतरी सापडतो. यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. नेमक्या त्याच काळात उंची झपाट्याने वाढत असते आणि कण्याचा बाकही त्याच वेगाने वाढतो.

पोक सगळ्यांच्या ओळखीचं आहे: खांदे पुढे, पाठ गोल, मान बाहेर. ते बाजूने दिसतं. सांगितलं की मूल सरळ होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा तसंच बसतं. पालथं झोपून छाती उचलायला लावली की गोलाई निघून जाते. निघत नसेल, पाठ ताठ गोलच राहत असेल, तर शॉयरमन नावाचा मणक्यांचा आजार नाही ना, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावं. एरवी टेबल-खुर्चीची उंची, पाठीच्या स्नायूंचा व्यायाम आणि मैदानावर खेळ, एवढं पोकाला पुरतं.

स्कोलिओसिस मागून पाहावा लागतो. ‘कणा एका बाजूला वाकणं’ ही त्याची नेहमी सांगितली जाणारी व्याख्या अर्धीच आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कणा बाजूला वाकतो आणि वाकता वाकता स्वतःभोवती फिरतो, म्हणजे त्याला पीळ पडतो. ओला टॉवेल दोन टोकांना धरून पिळत गेलं की मधला भाग आपसूक बाजूला वळसा घेतो, साधारण तसंच. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. मणका फिरला की एका बाजूच्या बरगड्या मागे येतात आणि दुसऱ्या बाजूच्या आत जातात. हा पीळ मनात आणून सुटत नाही. म्हणूनच ‘सरळ बस’ या सूचनेचा इथे काहीही उपयोग नाही.

घरी शोधायचा तो हा पीळच. खांदे वरखाली दिसणं, शिंप्याने ‘एक बाही लांब घ्यावी लागली’ म्हणणं, ओढणी एकाच खांद्यावरून घसरणं, कमरेच्या एका बाजूला हात आणि अंग यांच्यात जास्त फट दिसणं, या सगळ्या खुणा दखल घेण्याजोग्या आहेत, पण एकट्या पुरेशा नाहीत. पुढे वाकवून पाहण्याची तपासणी मात्र दोन मिनिटांत बरंच काही सांगते. लंडनच्या विल्यम ॲडम्स या डॉक्टरांनी 1865 साली तिचं वर्णन केलं आणि आजही प्राथमिक तपासणी हीच असते.

पाठ उघडी हवी. मुलीला मागून उघडा राहील असा टॉप किंवा स्विमिंगचा पोशाख द्यावा आणि तपासणी आईने किंवा तिला चालेल त्याच व्यक्तीने करावी. अनवाणी, पावलं जुळवून, गुडघे ताठ. दोन्ही तळहात एकमेकांना जोडून, नमस्कारासारखे पण बोटं जमिनीकडे, हात सैल सोडून हळूहळू वाकायला सांगा. तुम्ही मागे खाली बसा, म्हणजे डोळे तिच्या पाठीच्या रेषेत येतील. वाकताना आधी वरची पाठ आडवी होते, मग मधली, मग कंबर. प्रत्येक टप्प्यावर थांबवून कण्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का ते पाहा. बरगड्यांचा एका बाजूला उंचवटा किंवा कमरेला एका बाजूचा स्नायू फुगलेला दिसला, तर तो पीळ.

चुका इथेच होतात. हात जुळवलेले नसले की एक खांदा पुढे जातो आणि खोटा उंचवटा दिसतो. एक गुडघा वाकला तरी तेच. एका झटक्यात जमिनीपर्यंत वाकवलं तर छातीचा उंचवटा दिसतो न दिसतो तोच निसटतो. ट्यूबलाइट एका बाजूला असली की सावलीच फसवते. प्रकाश वरून किंवा मागून सरळ पाठीवर पडू द्या.

मोजायचं असेल तर फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप चालतं. दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यांच्यावर फोन आडवा टेकवा, म्हणजे मधला मणका टोचून आकडा बिघडत नाही. 7 अंश किंवा जास्त आले तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर नको. 5-6 आले तर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि मूल भराभर वाढत असेल तर तेवढंही थांबू नका. हा आकडा पिळाचा आहे. एक्स-रेवर मोजतात तो कॉब अँगल, म्हणजे कण्याच्या बाकाचा कोन, वेगळा. ‘फोनवर 8 आलं, म्हणजे 10 च्या आत आहे, काळजी नाही’ हे गणित साफ चुकीचं आहे. एक्स-रेवर 10 अंश किंवा अधिक असलं तरच स्कोलिओसिस म्हणतात हे खरं, पण फोनवरचे 7-8 अंश एक्स-रेवर 20 च्या पुढेही निघू शकतात.

कणा वाकडा दिसतो पण पीळ नाही, असाही प्रकार असतो. एक पाय थोडा आखूड असला की कंबर कलते आणि कणा तोल सावरायला वाकतो. मुलाला स्टुलावर बसवून पुन्हा पुढे वाकवा. बसल्यावर वाकडेपणा गेला, तर संशय पायावर घ्यायचा. अशा मुलाला पाठीचे व्यायाम नव्हे, पाय मोजून गरजेप्रमाणे बुटात उंची लागते.

एक्स-रे उभं राहूनच हवा, आणि मान ते खुबे एकाच चित्रात. झोपवून काढलेल्यात बाक कमी दिसतो, छातीचा आणि कमरेचा वेगवेगळा काढला तर कोन नीट मोजता येत नाही. किरण पाठीकडून पुढे जातील असा काढायला सांगा. म्हणजे वाढत्या वयात छातीला किरणांचा मारा कमी बसतो. कोन मोजण्यातच 5 अंशांपर्यंत फरक पडतो, त्यामुळे 18 चे 21 झाले म्हणून घाबरू नये आणि 21 चे 18 झाले म्हणून पेढे वाटू नयेत.

रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, कमरेवर केसांचा पुंजका, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग किंवा दहा वर्षांखालचं वय, यांपैकी काही असेल तर घरचे प्रयोग न करता लगेच दाखवा. नेहमीचा स्कोलिओसिस या वयात फारसा दुखतच नाही, म्हणून तर तो उशिरा कळतो.

दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. दप्तर हलकं असावंच, पण ज्या आईवडिलांनी दोन वर्षं त्या दप्तराचा दोष स्वतःला लावून घेतला त्यांनी तो उतरवून ठेवावा. दहापैकी आठ मुलांत नेमकं कारण सापडत नाही. पोहण्याने दम वाढतो, बाक सरळ होत नाही. मणका ‘बसवून’ घेणं तर करूच नका.

घरच्या व्यायामात पोक आणि पीळ यांचा फरक सगळ्यात जास्त भोवतो. पोकाचा व्यायाम दोन्ही बाजूंना सारखा असतो. पिळाचा तसा नसतो, म्हणून मैत्रिणीचा व्हिडिओ आपल्या मुलीला चालत नाही. कॅथरिना श्रोथ यांनी 1921 पासून जर्मनीत रुजवलेल्या पद्धतीत श्वास दबलेल्या बाजूला नेतात. बाक उजवीकडे असेल तर उजव्या बरगड्या मागे आलेल्या असतात, डावीकडे खळगा असतो. थेरपिस्टने शिकवलेल्या स्थितीत आईने त्या खळग्यावर हलका तळहात ठेवायचा. श्वास घेताना तो तळहात बाहेर ढकलला गेला पाहिजे. त्याऐवजी उजवा उंचवटा वर आला किंवा खांदा कानाकडे गेला, तर थांबायचं. तांदळाच्या छोट्या पिशव्यांचा आधार दाखवून दिलेल्या जागीच ठेवायचा. रोज 20-30 मिनिटं, आरशासमोर. दमून चुकीचे चाळीस करण्यापेक्षा नीट दहा करावेत.

बाक 25 ते 40 अंशांत आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे अंगाभोवती पट्ट्यांनी आवळायचा प्लास्टिकचा साचा, लागतो. व्यायाम त्याची जागा घेत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घेतलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. जे सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घालत, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांवर गेलं. कपाटातला ब्रेस काही करत नाही. खर्चाची अडचण असेल तर हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत आणि परळच्या वाडिया बाल रुग्णालयात आधी चौकशी करा.

आपल्या हवेत खरा शत्रू घाम. ब्रेसखाली बिनशिवणीचा, अंगाबरोबर बसणारा सुती बनियन, एकही चुणी न ठेवता ओढून घेतलेला; मे आणि ऑक्टोबरमध्ये दिवसातून दोन-तीन वेळा बदलायचा. पावडरचे गोळे होतात, क्रीमने कातडी मऊ पडून सोलवटते, दोन्ही नकोत. उताणं झोपून, गुडघे दुमडून पट्टे आवळा आणि ठरलेल्या जागी पेनाने खूण करा. काढल्यावरचा लालपणा अर्ध्या तासात गेला तर ठीक. नाही गेला तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवा, घरी कात्री लावू नका. ब्रेस आतून ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात प्लास्टिक वाकतं.

आणि पाहुण्यांसमोर तिची पाठ दाखवू नका. तेरा वर्षांच्या मुलीसाठी बाकापेक्षा ते जास्त दुखतं. ब्रेसबद्दल कोणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या. शाळेला मात्र एक चिठ्ठी द्यावी: वर्गात जमिनीवर नाही तर बाकावर बसेल, पडलेली वस्तू कमरेतून न वाकता गुडघ्यांवर बसून उचलेल, पीटीच्या तासाला ब्रेस काढून सगळं खेळेल, आणि तो काढण्या-घालण्यासाठी तिला दार बंद होणारी एक खोली लागेल.