धम्माचा समाजविचार (नागपूर परंपरा)

गरिबी, श्रम, राज्यकारभार आणि जन्मावरून ठरणारी उच्चनीचता यांविषयी पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांत, आलेली शिकवण, आणि तिच्या आधाराने समाज बदलण्याची खटपट. महाराष्ट्रात या विचाराला चळवळीचे बळ मिळाले ते नागपुरात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीले) घेतले आणि मग स्वतः लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. सोबत २२ प्रतिज्ञा दिल्या.

बुद्ध म्हणजे ध्यान, वैराग्य आणि निब्बान (निर्वाण), हा समज फार पक्का आहे. दीघनिकाय हा लांब सुत्तांचा संग्रह वाचायला घेतला की तो टिकत नाही. कूटदन्त सुत्तातल्या राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा आहे, पण राज्यात लूटमार माजली आहे. पुरोहित त्याला बजावतो की मारून, डांबून, हद्दपार करून हा उपद्रव संपायचा नाही. जे उरतील ते पुन्हा छळतील. त्यापेक्षा शेती करणाऱ्यांना आणि गुरे राखणाऱ्यांना बियाणे व दाणापाणी दे, व्यापाऱ्यांना भांडवल दे, राजसेवेतल्यांना जेवण आणि वेतन दे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात हेच उलट बाजूने येते. राजा निर्धनांना काही देत नाही, दारिद्र्य वाढते, चोरी सुरू होते. पकडलेला चोर म्हणतो, जगायला काही नाही; राजा त्याला धन देतो. ही बातमी पसरते आणि चोरी केली की राजा पैसे देतो म्हणून आणखी लोक चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदावर येतो, ते पाहून लोकही शस्त्रे घडवतात, हत्या आणि खोटेपणा वाढत जातो. योग्य उपाय, पण वेळ टळून गेल्यावर आणि तोही एकट्यादुकट्यापुरता केलेला. धोरणांवरची इतकी तिखट टीका प्राचीन साहित्यात क्वचित सापडते.

सिगालोवाद सुत्त गृहस्थाच्या नात्यांविषयी आहे. मालकाने कामगाराला ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारपणात पाहावे, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी, अशी पाच कर्तव्ये त्यात आहेत. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीच्या आणि विडी कारखान्यांच्या नागपूर शहरात या यादीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

जातीबाबत सुत्ते आडपडदा ठेवत नाहीत. ‘न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो’ असे वसल सुत्त सांगते. नीच किंवा ब्राह्मण ठरते ते कर्मावरून. वासेट्ठ सुत्ताचा युक्तिवाद तर निसर्गातला आहे: गवत, झाडे, किडे, पक्षी यांत जातीची वेगळी लक्षणे दिसतात, माणसांत तशी दिसत नाहीत. व्यवहारही तसाच होता. न्हावी उपालीला बुद्धाच्याच शाक्य कुळातल्या राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या (संघप्रवेशाची दीक्षा) दिली गेली, म्हणजे ज्येष्ठ म्हणून राजपुत्रांनी त्याला वंदन करायचे. निर्माल्य झाडून पोट भरणारा सुनीत थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, झाला.

मर्यादाही आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. विनय म्हणजे भिक्खूसंघाचे नियम; त्यांनुसार दास, कर्जबाजारी आणि राजाच्या चाकरीतला सैनिक यांना संघात घेता येत नसे. माणसांचा व्यापार उपासकाला (गृहस्थ अनुयायाला) निषिद्ध ठरला, पण दासप्रथाच मोडा, असा आदेश सुत्तांत नाही.

आंबेडकरांनी हे साहित्य जसेच्या तसे उचलले नाही. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात पेटलेल्या वादामुळे. चार आर्यसत्ये (दुःख, त्याचे कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) मूळ शिकवणीत होती का, हा प्रश्नही ते प्रस्तावनेत विचारतात. दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो, एकट्याला त्याची गरज नाही, ही त्यांची मांडणी. परंपरानिष्ठ अभ्यासकांना हे मान्य नाही, आणि त्यांचे काही आक्षेप वजनदार आहेत. पण कूटदन्त आणि वासेट्ठ समोर असताना समाजविचार आंबेडकरांनी बाहेरून आणून चिकटवला, असे म्हणता येत नाही.

नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात दिले: बुद्धधम्माचा प्रसार करणारे नाग लोक या परिसरात राहत होते. शहरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय असल्यामुळे ही जागा निवडली, हा तर्क त्यांनी तिथेच फेटाळला. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला दीक्षा झाली.

आज वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, ग्रंथवाचन चालते. पांढरी साडी नेसून आलेल्या बाया पुढे बसतात, त्रिशरण-पंचशील होते, एकजण वाचतो आणि चर्चा मात्र दारू, मुलांचे शिक्षण, लग्नाचा खर्च इकडे वळते. अनेक विहारांत अभ्यासिका असते. परीक्षांची तयारी करणारी मुले तिथेच बसतात. सर्व माणसे समान मानीन आणि समता स्थापण्याचा प्रयत्न करीन, या प्रतिज्ञा वंदनेइतक्याच पाठ असतात.

१९५६ची दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो. १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. आजूबाजूच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप आणि पुस्तकांची दुकाने लागतात, आणि गावाकडून आलेली माणसे परतताना पिशवीत पुस्तके नेतात.