व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज: लायसन्स कोणते लागते, कागद कोणते जपायचे

लॅपटॉपसोबत आलेले विंडोज त्याच लॅपटॉपपुरते असते. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवणारा प्रोग्रॅम) टाकून आत दुसरे विंडोज चढवले, की मायक्रोसॉफ्टच्या करारानुसार ते दुसरे मशीन धरले जाते. त्याला स्वतंत्र लायसन्स घ्यावे लागते.

हिंगणघाट, वणी, आर्वीकडच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा जुना पीसी बंद पडला, की त्याच्या हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून नव्या संगणकात व्हीएम म्हणून चालवायची, हा सोपा उपाय सुचतो. प्रोग्रॅम चालतोही. पण जुन्या पीसीच्या डब्यावर ओईएमचे, म्हणजे पीसीसोबतच आलेल्या विंडोजचे, स्टिकर असेल, तर ते लायसन्स त्या पीसीसोबतच संपले. वेगळे विकत घेतलेले रिटेल असेल तरच जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येते. काट्याचा प्रोग्रॅम मुळात डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा) असेल, तर विंडोजच्या मागे लागूच नका. व्हीएममध्ये फ्रीडॉस टाकून बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

आपले लायसन्स कोणते, हे आधी तपासा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा आणि एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय असे इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या चौकटीत ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम (संस्थेने एकगठ्ठा घेतलेले) ते दिसते. ओईएमची की (लायसन्सचा क्रमांक) बहुधा मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते आणि व्हीएमला ती दिसत नाही. त्यामुळे व्हीएम आपोआप अॅक्टिव्हेट होईल, अशी आशा धरू नका.

व्हीएमसाठी रिटेल प्रत घ्या. बिलावर तुमच्या फर्मचे नाव, जीएसटी क्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि 'रिटेल' हा शब्द लिहून मागा. नुसते 'सॉफ्टवेअर १ नग' चालवून घेऊ नका. बिल, कीचे कार्ड किंवा विक्रेत्याचा ईमेल, आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला लायसन्स जोडले त्याची नोंद, हे सगळे एकाच फाइलला लावा. ग्रामपंचायत किंवा शाळा असेल तर डेडस्टॉक रजिस्टरमध्येही चढवा. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणारी की बहुधा दुसऱ्याच संस्थेच्या व्हॉल्यूम करारातली असते. ती आज चालली तरी लायसन्स ठरत नाही, उद्या बंद झाली तर दादही मागता येत नाही.

विंडोज ११ ला व्हीएममध्येही किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून टीपीएमची सोय आहे. रॅम, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड हे सगळे आधी ठरवा, मग की टाका, कारण नंतर हार्डवेअर फार बदलले की अॅक्टिव्हेशन उडते. हीच भानगड व्हीएम दुसऱ्या संगणकावर नेताना होते. व्हीएमवेअर (व्हर्च्युअलबॉक्ससारखाच प्रोग्रॅम) विचारते तेव्हा 'मूव्ह केले' निवडा, 'कॉपी केले' नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इम्पोर्ट करताना जुने मॅक पत्ते (नेटवर्क कार्डचे ओळख क्रमांक) कायम ठेवा. आणि जुनी व्हीएम पुसून टाका. एकाच कीवर दोन चालवणे करारात बसत नाही.

पतसंस्थेच्या सर्व्हरचा हिशेब वेगळा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये प्रोसेसरच्या सर्व कोअरचे लायसन्स घ्यावे लागते, किमान १६ कोअर. त्यात दोन व्हीएम बसतात. दोन्ही चालू असतील तर मूळ सर्व्हरवरचे विंडोज फक्त व्हीएम सांभाळायला वापरायचे, त्यावर फाइल शेअरिंग ठेवायचे नाही. तिसरी व्हीएम हवी तर सगळ्या कोअरचे लायसन्स पुन्हा एकदा, म्हणजे २४ कोअरच्या सर्व्हरला ४८ कोअरचे. शिवाय काउंटरवरच्या प्रत्येक वापरणाऱ्याचे किंवा संगणकाचे कॅल (सर्व्हर वापरण्याचे लायसन्स) वेगळे घ्यावे लागते. कोटेशनमधून नेमके तेच गळते, म्हणून वेगळी ओळ मागा.

विंडोज ११ ची ९० दिवसांची एंटरप्राइज चाचणी प्रत फक्त पारखायला आहे. मुदत संपली की मशीन दर तासाला बंद पडते.

उबुंटू, डेबियन या लिनक्स प्रणाली कितीही व्हीएममध्ये टाका, बंधन नाही. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेजही फुकट आहे, पण त्याचे एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचे जोड-पॅकेज) वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरतेच मोफत. दुकानात, कारखान्यात त्याचे लायसन्स लागते. यूएसबी डोंगल किंवा काट्याची यूएसबी केबल जोडायला ७.० पासून त्या पॅकची गरजच उरलेली नाही. तेव्हा ते टाकूच नका.