अंतर्गत रंगकाम व पट्टीकाम यांचा क्रम

घराच्या आतील भिंती, छत व लाकूडकाम रंगवणे आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), आर्किट्रेव्ह (दरवाज्याच्या चौकटीभोवतीची पट्टी), बीडिंग (सांधा झाकणारी बारीक पट्टी), कॉर्निस (भिंत व छत जिथे मिळतात तिथली पट्टी) अशा कडेच्या पट्ट्या बसवणे या कामांपैकी कोणते आधी व कोणते नंतर करायचे, याचे नियोजन. एकाच खोलीत गवंडी, फरशी बसवणारे, वायरमन, सुतार आणि रंगारी पाठोपाठ येतात. क्रम चुकला की एकाने नीट केलेले काम दुसऱ्याच्या हातून खराब होते आणि टचिंगचा खर्च मालकावर पडतो.

क्रमाचा आधार धूळ आणि ओल हा आहे. फरशी कापताना, लाकूड रंधताना आणि भिंतीची लांबी (पुट्टी) घासताना उडणारी भुकटी ओल्या रंगावर किंवा पॉलिशवर बसली, की तो पृष्ठभाग पुन्हा घासण्यावाचून इलाज नसतो. म्हणून भुकटीची कामे आधी उरकतात. सिमेंटचा गिलावा किमान सात दिवस पाणी मारून पिकवावा लागतो आणि त्यानंतरही साधारण महिनाभर सुकू द्यावा लागतो. घाई केल्यास आतली ओल बाहेर पडताना रंगाचे पोपडे निघतात. जिप्सम गिलाव्याला पाणी मारावे लागत नाही, तरी तोही पूर्ण सुकल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

महाराष्ट्रातील पक्क्या बांधकामात दरवाज्याची लाकडी चौकट बहुधा भिंतीबरोबरच, होल्डफास्टने (भिंतीत रोवायच्या लोखंडी पट्टीने) बसते. तिची भिंतीत जाणारी बाजू आधीच डांबराने किंवा प्रायमरने झाकलेली असावी, कारण एकदा बसल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे गिलावा आणि चौकट यांच्या सांध्यात आज ना उद्या भेग पडतेच. ती लांबीने बुजवून टिकत नाही. ती झाकण्यासाठी आर्किट्रेव्ह पट्टी असते.

स्कर्टिंगच्या बाबतीत मात्र ते कशाचे आहे यावर क्रम अवलंबून असतो. टाइल, कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचे तीन-चार इंच उंचीचे स्कर्टिंग सिमेंटच्या ओल्या मालात बसते, म्हणून ते लांबीच्या आधीच व्हायला हवे. त्यानंतर लांबी त्याच्या वरच्या कडेपर्यंत ओढून सांधा बंद करता येतो. लाकडी, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा पीव्हीसी (प्लास्टिक) पट्टी मात्र लांबी लावून, घासून सपाट झालेल्या भिंतीवरच बसवावी. ओबडधोबड गिलाव्यावर ती सरळ बसत नाही आणि मागे फट राहते.

रंगाआधी पट्टी की पट्टीआधी रंग, हा वाद रंगारी आणि सुतार यांच्यात नेहमीचा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण सर्वांत चांगला मार्ग रंगकाम दोन टप्प्यांत विभागण्याचा. छताचे काम, लांबी, प्रायमर आणि भिंतीचा पहिला हात आधी. मग सुताराने पट्ट्या बसवायच्या. शेवटचा हात इतर सर्वांची कामे संपेपर्यंत राखून ठेवायचा. पट्टी ठोकताना भिंतीला पडलेले ओरखडे, शिडीचे डाग, स्विचबोर्डाभोवतीची दुरुस्ती हे सगळे त्या एका हातात झाकले जाते. कंत्राटदाराला रंगाऱ्याची दुसरी फेरी नकोशी वाटते, तरी मालकाने ती करारातच लिहून घ्यावी.

लाकडी पट्ट्या कापण्यापूर्वी मोकळ्या जागेत आडव्या ठेवून प्रायमर आणि रंगाचा एक हात द्यावा, मागच्या बाजूसही. कोकणपट्टीच्या दमट हवेत ही मागची बाजू उघडी राहिली की पट्टी वाकते. एमडीएफ तर पाणी पिऊन फुगते आणि पूर्ववत होत नाही. कापलेली टोकेही प्रायमरने बंद करावीत. बसवल्यानंतर खिळ्यांची भोके भरायची आणि भिंतीलगतची बारीक फट ॲक्रिलिक सीलंटने मिटवायची. तिथे साधे सिलिकॉन वापरू नये, त्यावर रंग धरत नाही.

रंग वरून खाली चढवतात: आधी छत, मग भिंती, शेवटी पट्ट्या व दरवाजे. ऑइल पेंटची पट्टी असेल तर भिंत पूर्ण सुकल्यावर टेप लावून ती रंगवता येते. सागवानावर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचे, म्हणजे फवाऱ्याने मारायचे स्प्रे पॉलिश असेल, तर क्रम थोडा उलटतो: स्प्रेचे तुषार भिंतीवर बसतात, म्हणून पॉलिश भिंतीच्या शेवटच्या हाताआधी आटोपतात आणि नंतर पॉलिश केलेला भाग कागदाने झाकतात.

कोकणात गणपतीपूर्वी घर रंगवण्याची रीत आहे आणि तेव्हा भर पावसाळा असतो. अशा घरांत लांबी, प्रायमर आणि पट्ट्या मे महिन्यातच करून ठेवाव्यात; श्रावणात उघडीप पाहून फक्त शेवटचा हात द्यावा. आतून ओल आलेल्या भिंतीला मात्र तोही देऊ नये.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत पट्ट्या व चौकटींवर ऑइल पेंटचे अनेक थर साचलेले असतात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असे लाकूड कोरडे न घासता पाण्याने ओले करून घासावे, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. हे काम भिंतीच्या कोणत्याही नव्या हाताच्या आधी झाले पाहिजे.