जंगीतून उकळतं तेल ओतत नसत

बेळगाव-खानापूर भागात किल्ला दाखवताना तटातल्या तिरक्या भोकाकडे बोट करून हमखास सांगतात, इथून शत्रूवर उकळतं तेल ओतायचे. हे खरं नाही. ते भोक म्हणजे जंगी, बंदूक चालवायची जागा. आत बसून डोळा लावून बघा: आतलं तोंड मोठं, बाहेरचं अरुंद, आणि उतार थेट तटाच्या पायथ्याकडे. घोटाळा होतो तो या उतारामुळेच. त्यातून तेल सोडलं तर ते दगडावर पसरत निवतं आणि तटाच्या अंगावरून ओघळतं, माणसापर्यंत पोचत नाही. शिवाय वेढ्यात तेल खायला आणि दिव्याला लागायचं. वरून लोटायला दगड होतेच, त्यांना ना सरपण लागे ना वेळ.

बेळगावच्या कोटाला तर खंदक, म्हणजे शत्रूला तटापाशी यायलाच आधी तो ओलांडावा लागे. 1472-73च्या वेढ्यात बहमनी फौज दिवसा लाकूड-माती टाकून तो बुजवायची आणि किल्ल्यातले लोक रात्री ती भर उपसून काढायचे. किल्ला खरा लढला तो असा! शेवटी बहमनी वजीर महमूद गावानने तटाखाली सुरुंग खणवले, त्यात दारू ठासली आणि तटाला खिंडार पाडलं.