मिशन-सहलीतील अनाथ-बालसेवा

मिशन-सहलीतील अनाथ-बालसेवा : चर्च किंवा ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने थोड्या दिवसांसाठी परदेशी जाऊन तिथल्या अनाथालयातील मुलांना शिकवणे, खेळवणे आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करणे अशी प्रथा. मुक्काम बहुधा एक ते तीन आठवड्यांचा असतो. बोलण्यात ‘मिशन ट्रिप’ हाच शब्द रूढ आहे. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला ही प्रथा दोन्ही बाजूंनी भेटू शकते : परदेशी पथक इथल्या बालगृहात येते तेव्हा, आणि इथल्या मंडळीतले (चर्चच्या सभासदांतले) तरुण नेपाळसारख्या बिनव्हिशाच्या देशात जायचे ठरवतात तेव्हा.

तिची प्रेरणा बायबलमधली आहे. अनाथ व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरण, असे याकोबाच्या पत्रात (१:२७) म्हटले आहे. ठाण्याला परक्या मिशनऱ्यांची ओळख फार जुनी. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन मिशनरी इथेच मारले गेले. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बालसेवेचा ठसठशीत दाखला मात्र पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली सोडवून आणल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात अमेरिकेच्या मिनी अब्रॅम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रिया आल्या, त्या वर्षानुवर्षे राबल्या. ठरावीक दिवसांची सहल ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर, ऑपरेशन मोबिलायझेशन (१९५७) आणि यूथ विथ अ मिशन (१९६०) या तरुणांना मिशनकार्यासाठी पाठवणाऱ्या ख्रिस्ती संस्थांच्या काळात ती पसरली.

सहलीला जाणाऱ्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न मुलाच्या बाजूचा आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात लहान मुलाला एका कायमच्या माणसाची गरज असते, हे ठासून मांडले. संस्थेतले मूल अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पहिल्याच भेटीत पडते, तेव्हा पाहुण्याला वाटते, किती माया लावली पोराने! बालमानसतज्ज्ञ मात्र त्यात सांभाळणारी माणसे वारंवार बदलल्याची खूण पाहतात. पथक जाते, पुढचे येते, आणि प्रत्येक निरोपाबरोबर मुलाचे माणूस पुन्हा तुटते. दोन आठवड्यांच्या पाहुण्याने मुलाला कुशीत घेण्यापेक्षा तिथल्या मावशींचा पगार वेळेवर होईल असे पाहणे हे जास्त मोलाचे काम आहे.

दुसरा धोका पैशांचा. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्यांतल्या चारपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून गरीब घरांतली मुले अनाथालयांत भरली जातात, असे नेपाळमध्येही उघडकीस आले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने याची दखल मुलांच्या व्यापाराच्या अंगाने घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील स्वयंसेवा-पर्यटनाने मुलांचे होणारे नुकसान ठरावात नोंदवले.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू आहे. कलम ४१ नुसार बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. मूल तिथे ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. कलम ७४ मुलाची ओळख जाहीर करण्यास मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांबरोबरचे फोटो फेसबुकवर टाकण्याआधी हे कलम वाचायला हवे. नवी मुंबईत एक गोष्ट हमखास चुकते : वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. त्यामुळे चौकशी कुठल्या जिल्ह्याच्या समितीकडे करायची, हे बालगृहाच्या पत्त्यावरून ठरते. परदेशी पाहुण्यांना पर्यटक व्हिशावर धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो.

मूल शक्यतो घरातच वाढावे, ही कायद्याची दिशा आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. विधवा आईला किंवा आजीला तो अर्ज भरून देणे, कागदपत्रांसाठी तिच्याबरोबर कचेरीत जाणे, हे काम कळव्या-ऐरोलीतल्या तरुणाला विमानाचे तिकीट न काढता करता येते, आणि नातवंड आजीजवळच राहते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावे लागते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये पुढच्या आधाराची तरतूद आहे, पण भाड्याची खोली, डिपॉझिट आणि नोकरीसाठी ओळख देणारे माणूस कायद्याने मिळत नाही. स्थानिक मंडळीतल्या कुटुंबांची गरज इथे सर्वांत जास्त असते; सहलीच्या पत्रकांत या वयाच्या मुलांचा उल्लेख क्वचितच आढळतो.